आत्याच्या आवाजाचा प्रीसेट

हे प्रकरण मी वर्षानुवर्षं टाळलं. बाकीच्या आठवणी लिहून झाल्या, टाइप होऊन आल्या, त्यातल्या चुका काढून झाल्या, तरी साताऱ्याची ती वर्षं मी दोन वाक्यांत उरकलेली होती. शिक्षणासाठी आत्याकडे राहिलो. तिथेच आवाजाच्या कामाची गोडी लागली. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही मी लपण्यासाठी लिहिली होती. ज्या एका आवाजामुळे या धंद्यात माझं नाव झालं तो कुठून आणला असं कुणी विचारलं, की मी माधवनगरच्या यंत्रमागांचं नाव पुढे करायचो. बंद पडत चाललेले माग, त्यांची खडखड, त्या खडखडीतून मी काढलेला सूर, असं बरंच रंगवून सांगायचो. ऐकणारे हळवे व्हायचे. मागाला तोंड नसतं, त्यामुळे ते खोटं खपून गेलं. तो आवाज कुठल्याही मागाचा नव्हता. तो शालनआत्याचा होता, आणि मी तो तिला फसवून घेतला होता.

आमचं घर पलूसचं. वडील फौजेत, सुट्टीपुरते घरी येणारे. आई ऊस, म्हशी आणि सासूसासरे सांभाळणारी. गावात राहून हा पोरगा वाया जाईल असं घरात ठरलं आणि मला वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे साताऱ्याच्या कॉलेजात धाडलं. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. मामा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. कुठे जायचं नसलं तरी सकाळी उठून बूट चमकवणारे. आत्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत खानावळ चालवायची. कॉलेजची पोरं आणि नोकरीला नव्याने लागलेले काही जण भिंतीला पाठ लावून ओळीने बसायचे. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज जिन्यावरून वर माझ्या खोलीत यायचा. घेवड्याची आमटी, डाळकांदा, पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी, रविवारी मटणाचा तांबडा रस्सा. आत्या स्वयंपाकघरातूनच पंगतीवर लक्ष ठेवायची आणि तिथूनच ओरडायची. कुणी भाकरी अर्धी टाकली तर तिला न बघता कळायचं. पोस्टमन असो, गॅसवाला असो, रंगकामाचे पैसे मागायला आलेला पेंटर असो, ती "बरं हाय का" असं कुणालाच विचारायची नाही. विचारायची, "जेवलास का रं?" आणि उत्तराची वाट न बघता ताट घ्यायची.

लहानपणापासून ती दातांना भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायची. आमच्याकडच्या बायकांत त्याचं कुणाला काही वाटत नसे. एका हिवाळ्यात तिचा आवाज बसला तो उठलाच नाही. गळ्याचा कॅन्सर निघाला. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याच्या खालच्या बाजूला श्वास घ्यायला एक भोक ठेवलं. त्यावर ती पांढऱ्या दोऱ्याचं विणलेलं फडकं बांधायची. श्वास नाकातून जाईना म्हणून वास कळेना. फोडणी करपली तरी तिला पत्ता नसायचा. मग मी हाक न मारता जिना उतरून गॅस बारीक करायचो. चहावर फुंकर घालता येईना म्हणून ती बशीत ओतून तशीच बघत बसायची. आणि बोलण्यासाठी दवाखान्याने तिला एक मशीन दिलं होतं. हातातल्या छोट्या टॉर्चएवढं. ते जबड्याखाली दाबून धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मशीनची घरघर गळ्यातून तोंडात जायची आणि तोंड तिचे शब्द करायचं.

त्या आवाजाची मला किळस यायची. हे मी आधी लिहितो, कारण पुढे मी स्वतःला बरा माणूस ठरवण्याची शक्यता आहे. डबक्यात पडलेल्या भुंग्यासारखा तो आवाज होता, एकाच सुराला चिकटलेला. त्यात मधेच फडक्यामागून ओला श्वास फुसकन यायचा. घास तोंडात असताना तो कानावर पडला की मला गिळवत नसे. मी निदान तोंड फिरवत नव्हतो. खानावळीतली पोरं ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. एकाने तर, चांगला शिकलेला, शर्टाला इस्त्री केलेला, तिला हसत हसत सांगितलं, "काकू, तुमी बोलू नका, नुसतं वाढा." मामा त्या वेळी दारात उभे होते. त्यांनी त्या पोराचं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि त्याला म्हणाले, "चलो. आजपासून दुसरीकडं." पण दुसऱ्याच आठवड्यात आणखी काही जण आपणहून गेले. आत्याने बाहेर बोलणंच सोडलं. भाजीवाल्याकडे बोटं दाखवायची. पलूसहून आईचा फोन आला की मशीन हातात घ्यायची, परत ठेवायची आणि फोन माझ्याकडे द्यायची.

त्या दिवसांत मी वरच्या खोलीत लॅपटॉपला चिकटलेला असायचो. माधवनगरचा माझा मित्र प्रतीक, त्याला आम्ही पत्या म्हणायचो, त्याच्या घरचा साउंडचा धंदा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचायची आणि मिरवणुकीपुढे ती वाजवत न्यायची. त्याच्यासाठी गाण्यांच्या मधे टाकायचे आवाज मी बनवायचो. सुरुवातीला मी दिसेल तो सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज बनवायचा प्रोग्राम, उतरवून घेतला. फुकटचे, चोरीचे, ट्रायलचे. प्रत्येकात शेकडो तयार आवाज असायचे, त्यांना प्रीसेट म्हणतात. ते एकामागून एक दाबत बसण्यात माझी दुपार जायची आणि संध्याकाळी हाती काही नसायचं. काही इतके जड होते की लॅपटॉपचा पंखा आवाजाहून मोठा वाजायचा. काहींत इतकी चक्रं होती की कुठलं कशाला फिरवायचं तेच कळेना. आजही नव्या पोरांचं हेच बघतो: हत्यारं गोळा करतात आणि त्यालाच काम समजतात. शेवटी मी चिडून सगळे काढून टाकले आणि सर्वांत साधा एक ठेवला. त्यात आवाज तयार करणारे दोन ऑसिलेटर होते, म्हणजे नुसती कच्ची घरघर देणारे; त्या घरघरीतलं काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणारा एक फिल्टर; आणि आवाज कसा उठेल, किती टिकेल, कसा मरेल ते ठरवणारी चार बटणं. शिवाय त्याला बाहेरचा रेकॉर्ड केलेला आवाज दिला, तर तो त्याचे तुकडे करून ऑसिलेटरसारखा वापरता यायचा. एकेक चक्र फिरवून ते नेमकं काय करतं हे कळेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. आयुष्यात मी घेतलेला हा एक शहाणा निर्णय असेल.

फिल्टर हळूहळू उघडताना एके दिवशी घरघरीतून स्पष्ट "वा" असा उच्चार आला आणि मी दचकलो. खाली आत्या हेच करत होती. मशीन म्हणजे ऑसिलेटर, तोंड म्हणजे फिल्टर. मी खाली गेलो, मशीन हातात घेतलं. बाजूला सूर बदलायचं बारीक चाक होतं आणि ते पार खाली, पुरुषाच्या आवाजावर ठेवलेलं होतं. दवाखान्यात ते कुणी फिरवूनच दिलं नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरात पाटावर समोरासमोर बसलो. मी चाक थोडं फिरवायचो, ती मला हाक मारायची, आम्ही दोघं नाही म्हणून मान हलवायचो. मशीन जबड्याखाली थोडं मागे सरकवलं तर शब्द सुटे यायला लागले. मग एका जागी तिची भुवई वर गेली. मामा पेपर वाचत होते. ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आवं, च्या घेणार का?" मामांनी पेपर घडी घालून खाली ठेवला. मग म्हणाले, "दोन कप घेतो."

त्यानंतर ती पुन्हा बोलायला लागली. आवाज सुंदर झाला नव्हता, माझी किळसही पुरती गेली नव्हती, पण तो बाईचा आवाज होता आणि तिचा होता. मंडईत जाऊन तिने कोथिंबिरीवरून भांडण केलं आणि ते आल्या आल्या मला साग्रसंगीत सांगितलं. आईला फोन करून माझ्या तक्रारी केल्या. गेलेल्यांतली काही पोरं परत जेवायला आली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या ओंकारनं मला बोलती केली." मी लाजल्यासारखं करायचो.

पत्याला मात्र वेगळीच घाई होती. त्यांच्या धंद्यात सगळ्यांकडे तेच प्रीसेट, तेच भोंगे, तेच सायरन. तासगावच्या एका मिरवणुकीत समोरच्या ग्रुपने पत्याचाच आवाज त्याच्यावर वाजवला होता आणि तो पोरांसमोर खजील झाला होता. तो साताऱ्याला आला, माझ्या कॉटवर बसला, आत्याने दिलेली भाकरी खाता खाता मला म्हणाला, "गड्या, आसला आवाज दे की कानावर पडला की पोरांनी म्हनलं पायजे, पत्या आला. दुसऱ्या कुनाकडं नसंल आसला." तेवढ्यात आत्या जिन्यातून त्याला म्हणाली, "आजून वाढू का रं?" तो उठून उभा राहिला आणि हात जोडून नको म्हणाला. त्याला त्या आवाजाची किळस वाटली नव्हती. मी मात्र त्या क्षणी आत्याकडे न बघता तिचा आवाज ऐकत होतो, आणि यात खाली बेस घातला तर काय होईल याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी माइक घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिला सांगितलं, तुझा आवाज रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर बघतो, म्हणजे मशीन आणखी चांगलं लावता येईल. तिने हात धुतले, पदर नीट केला, फडकं बदललं आणि पाटावर बसली. काय बोलू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नेहमीचंच बोल. ती म्हणाली, "जेवलास का रं?" मी पुन्हा म्हणायला लावलं. हळू, मोठ्याने, लांबवून. मशीनमध्ये मी नंतर काहीही बदललं नाही. तिला सांगितलं, झालं, आता बघ किती छान येतो. तिने बोलून बघितलं आणि म्हणाली, "व्हय की. फरक पडला."

वर जाऊन मी त्या तीन शब्दांचे तुकडे केले. तुकड्यांवर तुकडे ठेवले, एक थोडा बेसूर केला, खाली जमीन हलेल असा बेस दिला, वर कर्कशपणा चढवला. फिल्टर बंद ठेवून शब्द आधी चिखलात दाबल्यासारखा ठेवला आणि "का" येताच एकदम उघडला. तिचा फडक्यामागचा ओला श्वास मी काढून टाकणार होतो, पण तो शब्दाआधी आला की ऐकणाऱ्याचं पोट आत जायचं, म्हणून मोठा केला. हे करताना मला किळस आली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी एकटाच खोलीत फिरत होतो. ज्या आवाजाने घास उतरत नव्हता तोच यंत्रात घालून पिळल्यावर मला गोड लागला, याची शिसारी मला आज येते, तेव्हा आली नाही. त्या प्रीसेटला मी नाव दिलं "आत्या".

पत्याला तो कुणाचा हे मी सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला आणि म्हणाला, "आत्यांचा? लय भारी. आशीर्वादच म्हनायचा." त्याच्या मनात खरंच तसं होतं. त्या सबंध हंगामात तो आवाज तासगावपासून पलूसपर्यंत वाजला. पोरं मूठ जबड्याखाली धरून तो म्हणायला लागली. ट्रॅक्टरवाले टेपवर वाजवायला लागले. कुणाचा आवाज, हे कुणाला माहीत नव्हतं आणि पडलेलीही नव्हती.

मग साताऱ्यात आमच्याच पेठेतल्या मंडळाने गणपती आणायला पत्याचा ग्रुप बोलावला. या लोकांत एक रीत होती. आपल्या माणसाचं घर वाटेत आलं की ट्रॉली थांबवायची, नाव पुकारायचं आणि आपली खास ट्यून त्या घरापुढे वाजवायची. तो मान असे. त्यासाठी लोक आधीपासून निरोप पाठवत. पत्याने मला काही सांगितलं नव्हतं, त्याला मला चकित करायचं होतं. दुपारचं ऊन होतं. मी ट्रॉलीवर लॅपटॉपसमोर बसलो होतो. स्पीकरच्या भिंतीच्या धक्क्याने घरांच्या खिडक्या थरथरत होत्या, ओट्यावर बसलेले म्हातारे कानात बोटं घालत होते, गटारात गुलाल वाहत होता आणि डिझेलच्या धुरात घामाचा वास मिसळला होता. आत्याचं घर आलं. ती दारात उभी होती, शेजारी लिंबू सरबताचं पातेलं आणि पेले. पोरं उन्हातनं नाचत येतील म्हणून तिने करून ठेवलं होतं. ट्रॉली थांबली. पत्याने माइक घेतला आणि सगळ्या पेठेला सांगितलं, की ज्या माउलीचा आवाज आमचा ग्रुप वाजवतो त्या ह्या शालनआत्या, ओंक्याच्या आत्या, त्यांना आमचा मुजरा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वाजव रं."

लॅपटॉप मिटला असता तरी चाललं असतं. केबल ओढली असती तरी चाललं असतं; ट्रॉलीवर केबली रोजच निसटायच्या, कुणाला संशयही आला नसता. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माना माझ्याकडे वळल्या होत्या आणि आवाज माझा होता, असं मला तेव्हा वाटत होतं. आत्या पायरी उतरून पुढच्या पोराला पेला देत होती. दुसऱ्या हाताने तिने मशीन जबड्याखाली नेलं; ती त्याला काय विचारणार होती हे मला माहीत होतं. मी बटण दाबलं. तिचेच शब्द त्या भिंतीतून बाहेर आले आणि रस्त्यावरच्या सगळ्या पोरांनी मुठी गळ्याला लावल्या. तिच्यासमोरच्या पोरानेही, हातात तिचा पेला तसाच धरून.

तिला समजायला वेळ लागला नाही. तिने वर माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे; पंगतीत कुणी ताटात थुंकलं असतं तर तिने जसं बघितलं असतं तसं. मग मशीन खाली घेतलं, कमरेला खोचलं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला सरबत दिलं. एकालाही वगळलं नाही. वर ट्रॉलीवर मलाही पेला पाठवला. मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी मशीन डब्यात घालून फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेलं होतं. मामांनी ते काढून तिच्यासमोर ठेवलं, तिने परत नेऊन ठेवलं. मामा ते रोज चार्जिंगला लावत राहिले, ती गेली त्या वर्षापर्यंत. तिने पुन्हा कधी ते हातात घेतलं नाही. मंडईत बोटं, फोन माझ्याकडे. खानावळीतली पोरं खूश झाली; जेवताना आता काही ऐकू येत नसे. नवीन पोरं आली, ओट्यावरची ताटं आत आली, खानावळ पूर्वीपेक्षा जोरात चालली. "काकूंचा स्वभाव किती शांत," असं नवी पोरं म्हणायची आणि मी त्यांच्या पंगतीत बसून जेवायचो. पत्या महिनाभराने आला तेव्हा त्याला कळलं. तो खाली बसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "तू त्यांना इचारलं नव्हतंस?" तो उठून आत गेला आणि तिचे पाय धरून रडला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो आवाज त्याने पुन्हा लावला नाही. मी लावला. दुसऱ्या ग्रुपांना दिला, आणखी घासून पुसून दिला, आणि तिथेच मला पहिल्यांदा माधवनगरचे माग सुचले.

आता माझ्याच कानात यंत्र आहे. बसवणाऱ्या मुलीने मला सांगितलं, की मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्यांचे वरचे सूर आधी जातात. मी तिला म्हटलं, बरं झालं. तिला ते विनोदी वाटलं.

माफी मागायची नाही असं मी कधीच ठरवलं नव्हतं. उलट रोज ठरवायचो. पण मला वाटायचं, की तिने एकदा मशीन घ्यावं, मला शिव्या घालाव्यात, मग मी बोलेन. जिला मीच मुकी केली तिच्यासमोर उभं राहून आपण बोलायचं आणि तिने ऐकून घ्यायचं, हे मला जड वाटायचं, आणि या जड वाटण्याला मी चांगुलपणा समजायचो. कॉलेज संपून मी सांगलीला निघालो त्या दिवशी मात्र मी ठरवूनच जेवायला बसलो. पंगत उठून गेली होती. मामा बाहेर माझी बॅग रिक्षात ठेवत होते. आत्या शेगडीपाशी उभी होती, हात पिठाचे. मी म्हणालो, "आत्या, मला तुला एक सांगायचंय."

ती वळली. तिने गॅस बंद केला, परातीत हात झाडले आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. तिने घाई केली नाही. गळ्यावरचं फडकं श्वासाबरोबर आतबाहेर होत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला स्पष्ट दिसत होतं की ती थांबली आहे, लागेल तितका वेळ थांबणार आहे. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी आमटीच्या वाटीकडे बघितलं.

"मीठ कमी झालंय," मी म्हणालो.

तिने माझ्या वाटीकडे बघितलं. मग उठली, मिठाचा डबा घेऊन आली आणि माझ्या वाटीत चिमूटभर घातलं. मीठ आधीच बरोबर होतं.